फ्लॅटमधलं पहिलं अर्कयंत्र: भांडं नंतर निवडा, आधी गार पाण्याचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, घरात नवरा-बायको आणि सासूबाई. माहेर खानापूर तालुक्यात, तिथं परसात गवती चहा आणि तुळस हवी तेवढी. गुलाबपाणी, गवती चहाचं तेल आणि सासूबाईंसाठी ओव्याचा अर्क घरीच काढायची इच्छा आहे. इंटरनेटवर तांब्याची एक चकचकीत छोटी भट्टी बघून ठेवली आहे. ती घ्यावी का, घ्यायची तर किती लिटरची? आणि शेवटी एक ओळ: "दीर विचारतात, याच्यावर काजूची फेणी निघेल का?"

ताई, दिरांचं आधी उरकते. नाही, आणि त्या वाटेला जाऊच नका. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, आणि त्या हेतूनं भट्टीचं सामान जवळ ठेवणंही. "घरच्यापुरती", "शौकापुरती" अशी सवलत त्यात नाही. पलीकडे चंदगडला पाहुण्यांकडे जाऊन करू म्हणाल तर तिथं १९४९ चा महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बंद फ्लॅटमध्ये शेगडीजवळ अल्कोहोलची वाफ म्हणजे सरळ आगीशी गाठ. फेणी ही गोव्याची वस्तू आहे, २००९ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे. चोर्ला घाट उतरून परवानाधारक भट्टीवर ती कशी गाळतात ते दिरांनी एकदा बघून यावं, बघण्यासारखंच आहे. तुमच्या घरातल्या यंत्रात मात्र पाणी आणि वनस्पती, एवढंच जाईल. अत्तरासाठी म्हणूनसुद्धा स्पिरिट घालायचं नाही.

आता तुमचं. मी गेली सोळा वर्षं अर्क आणि तेलं काढते आहे, त्यातली पहिली सात वर्षं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. त्या सात वर्षांत शिकलेली गोष्ट सांगते: सगळे भांडं निवडतात, आणि घरात अडतं ते वाफ गार करायला. भांडं पाच लिटरचं की दहाचं, तांब्याचं की स्टीलचं, हे नंतरचं.

हिशेब करून बघा. अर्क म्हणजे पाल्यातून वर आलेली वाफ गार करून केलेलं पाणी. एक लिटर अर्क होईल एवढ्या वाफेचं परत पाणी करायचं आणि ते कोमट होईपर्यंत निववायचं, तर तिच्यातली जवळजवळ अडीच हजार किलोजूल उष्णता कुठंतरी टाकावी लागते. बादलीतलं पाणी २४ अंशांवरून ४४ पर्यंत तापू दिलं, तर एका लिटरमागे तीस लिटर पाणी लागतं. म्हणजे दीड बादली. बाजारातल्या बहुतेक छोट्या यंत्रांबरोबर कंडेन्सरचं, म्हणजे वाफ गार करायचं, एक डबडं येतं, त्यात चार-पाच लिटर पाणी मावतं. वीस-पंचवीस मिनिटांत ते कढत होतं, मग नळीतून थेंबांऐवजी वाफ फुसफुसायला लागते आणि जो सुवास बाटलीत यायचा तो खिडकीतून बाहेर जातो. लोक म्हणतात, "अर्काला वासच येत नाही ओ." येणार कुठनं? वास शेजाऱ्यांकडे गेला.

नळ सोडून ठेवा असा सल्ला कुणी देईल. राकसकोप आणि हिडकलचं पाणी आमच्या गल्लीत चार दिवसांआड येतं, तेव्हा तो सल्ला मला कधीच पटला नाही. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: कूलरमध्ये असतो तसला पाण्यात बुडणारा छोटा पंप आणि वीस लिटरची बादली. पंप पाणी कंडेन्सरमधून फिरवून परत बादलीत आणतो. फ्रीजरमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या बर्फ करून ठेवा आणि पाणी कोमट लागायला लागलं की त्या बादलीत सोडा. एक किलो बर्फ वितळून कोमट होईपर्यंत सुमारे पाचशे किलोजूल खातो. म्हणजे चार किलो बर्फ अधिक एक बादली पाणी यांत सव्वा ते दीड लिटर अर्क आरामात उतरतो. तुमच्या घराला एका वेळी तेवढा पुष्कळ झाला. त्या बादलीतलं पाणी संध्याकाळी भांड्यांना, फरशीला वापरा, वाया काही जात नाही.

कंडेन्सर दोन तऱ्हेचे मिळतात. एक गुंडाळीचा: बादलीत वेटोळं घातलेली नळी. दिसायला छान, पण नळी बादलीच्या तळाजवळून बाहेर काढावी लागते आणि ते भोक आज ना उद्या गळतंच. तुमचा दुसरा मजला आहे, खाली कुणीतरी राहतंय. म्हणून मी दुसऱ्या तऱ्हेचा सांगते: पाइपात पाइप. आतल्या नळीतून वाफ, बाहेरच्या नळीतून पंपाचं पाणी. आतली नळी अर्ध्या इंचाची आणि दोन ते सव्वादोन फूट लांब असली की ताशी एक लिटरचा वेग झेपतो. गार पाणी खालच्या टोकाला आत आणि वरच्या टोकातून बाहेर, हे उलटं जोडू नका. नळीला शेवटपर्यंत उतार हवा. मधे कुठंही झोळ पडला की तिथं पाणी साठतं आणि वाफ अडते.

आच कशाची द्यायची? यातही माझं मत पक्कं आहे: फ्लॅटमध्ये इंडक्शन. कारण साधं आहे. आपल्याकडे लाईट जाते. गॅसवर भांडं असेल आणि लाईट गेली, तर पंप थांबतो पण आच चालूच राहते, आणि तुम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालत असाल तर घर वाफेनं भरेपर्यंत कळत नाही. इंडक्शनवर दोन्ही एकदम थांबतात. शिवाय उघडी ज्योत नाही, आणि सुगंधी तेलं पेट घेणारी असतात हे विसरून चालत नाही. आता इथंच तुम्ही बघितलेली ती भट्टी बाद होते. तांबं इंडक्शनवर तापत नाही. काच नाही, अॅल्युमिनियम नाही, आणि साधं स्टीलही नाही, तळाला चुंबक चिकटणारा थर असलेलंच भांडं चालतं. दुकानात जाताना फ्रीजवरचं चुंबक पर्समध्ये ठेवा. हजार वॅटवर तासाला साधारण एक लिटर उतरतो, त्याहून जोर करायची गरज नसते. पंधराशे वॅट किंवा जास्तीचं काही वापरणार असाल तर ते मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा.

तांब्याबद्दल कुणी वाईट बोललं की आपल्या भागात लोकांना लागतं. घरोघरी तांब्याचा बंब होता, हंडे होते. मलाही तांब्याचं प्रेम आहे. काही वनस्पतींत गंधकाचे उग्र वास असतात, ते तांबं धरून ठेवतं आणि अर्क गोड येतो, हे खरं आहे. पण अर्क बहुतेक आंबटसर असतात, आणि तांबं प्रत्येक वेळी कोरडं-लखलखीत ठेवलं नाही तर आत हिरवा कळक धरतो. तो तुमच्या गुलाबपाण्यात उतरतो. आत कल्हई करून घेतली तर तांब्याचा तो फायदाच झाकला जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचा सांधा. माझं पहिलं यंत्र तांब्याचंच होतं, एका विक्रेत्याकडून मागवलेलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मानेच्या आतल्या सांध्यावर करडा पट्टा दिसला. नखानं ओरखडा पडला, इतका मऊ. ते शिसं मिसळलेलं डाग देणं होतं, रेडिओच्या तारांना करतात तसलं. चेहऱ्याला लावायच्या पाण्याच्या वाटेत शिसं! त्या दिवसापासून ते यंत्र बंद केलं. तांबं घ्यायचंच झालं तर दुसरं म्हणून घ्या, आणि सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे, म्हणजे चांदीच्या मिश्रधातूनं जोडलेले, आहेत का हे विचारूनच.

म्हणून पहिलं यंत्र स्टीलचं, ३०४ ग्रेडचं (म्हणजे गंज न धरणारं, खाण्याच्या भांड्यांचं स्टील) पण तळाला तो चुंबकाचा थर असलेलं, दहा लिटरचं. पाच लिटरचं घेऊ नका. गवती चहा फुगीर असतो. दहा लिटरच्या भांड्यात तळाला तीन लिटर पाणी, वर जाळी आणि वरची थोडी जागा रिकामी, एवढं धरल्यावर चिरलेला गवती चहा जेमतेम एक-सव्वा किलो मावतो. पाच लिटरमध्ये अर्धा किलो, आणि त्यातून निघणारं तेल नळीलाच चिकटून संपतं. दहाच्या वर गेलात तर तुमचा ओटा, तुमची बादली आणि तुमचा फ्रीजर पुरणार नाही. विकत घेण्याआधी ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची टेपनं मोजा, कारण झाकणावरची मान धरून अडीच फूट लागते. माझं यंत्र कपाटाखाली बसलं नाही, म्हणून सात वर्षं जमिनीवर पाट टाकून काम केलं.

आणखी एक गोष्ट ओळखायला शिका. इंटरनेटवरची निम्मी यंत्रं मुळात दारूसाठी बनवलेली असतात. त्यांचं तोंड अरुंद, नळी बारीक, झाकण क्लॅम्पनं गच्च आवळलेलं, वर ऐटीत थर्मामीटर आणि आत जाळी नाही. आपल्याला उलटं हवं: हात आत जाईल एवढं तोंड, पाण्याच्या वर बसणारी जाळी, रुंद नळी. थर्मामीटर तर लागतच नाही. पाणी आणि पाला एवढंच आत असेल तर वाफ पाण्याच्या उकळबिंदूलाच येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास असल्यानं काटा सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णववर थांबतो. शंभर का होत नाही म्हणून आच वाढवत बसू नका.

जाळीचं महत्त्व मी फार महागात शिकले. सुरुवातीला कुकरवर प्रयोग करायचे, सगळेच करतात. शिट्टी काढून त्या तोटीला नळी लावायची, झालं यंत्र. एकदा तुळस सरळ पाण्यात टाकून उकळायला ठेवली. पानं उकळीबरोबर वर आली आणि एक पान तोटीत बसलं, बोरूएवढ्या त्या भोकात. थेंब थांबले. मला वाटलं पाणी संपत आलं, म्हणून वाकून बघायला गेले, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. छतापर्यंत हिरवं पाणी. माझा चेहरा हातभर बाजूला होता म्हणून वाचले. तेव्हापासून दोन नियम आहेत. पाला पाण्यात नाही, जाळीवर. आणि झाकण कधीच बोल्टनं आवळायचं नाही. मी झाकणाच्या कडेला गव्हाच्या पिठाची घट्ट कणीक लावते. वाफेनं ती भाजून पक्की बसते, गळत नाही, आणि कुठं नळी तुंबलीच तर सगळ्यात आधी कणीक सुटते. कनौजचे अत्तरवाले त्यांच्या डेगेचं तोंड मातीनं लिंपतात, तसंच हे. थेंब अचानक थांबले तर आधी आच बंद करा, झाकणाला हात नंतर.

असं यंत्र मिळेल कुठं? तयारही मिळतात, पण बेळगावकरांच्या हाताशी उद्यमबागेची कारखान्यांची वसाहत असताना मी तरी करूनच घेईन. जाड तळाचं, इंडक्शनवर चालणारं दहा लिटरचं स्टीलचं पातेलं झाकणासकट भांड्यांच्या दुकानातून घ्या, आणि ते घेऊन आर्गन वेल्डिंग करणाऱ्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे जा. झाकणाच्या मधोमध एक इंची तोटी, तिथून वळवून खाली उतरणारी नळी आणि दोन फुटांचा कंडेन्सर, एवढंच काम आहे. सांगताना तीन गोष्टी ठासून सांगा: सगळं ३०४, वेल्डिंग आतून घासून गुळगुळीत, आणि नळी मधे सुटी होईल असा जोड. हा जोड महत्त्वाचा, नाहीतर आतून घासता येत नाही. जोडाला लागलीच तर पांढरी टेफ्लॉन टेप, एमसील नाही. पाण्याच्या बाजूला साधी नळी चालते, वाफेच्या आणि अर्काच्या वाटेत रबर किंवा प्लॅस्टिक नको. गवती चहाचं तेल रबर अक्षरशः मऊ करून टाकतं.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी गुलाब घालू नका. साबणानं धुऊन एक लिटर पाण्यात पेलाभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धं उतरवून फेकून द्या, मग नुसत्या पाण्याची एक खेप. वेल्डिंगचा, पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत हे करावं लागतं. आतल्या पाण्यासाठी बोअरचं जड पाणी नको, तळाला पांढरा थर धरतो. आरओचं किंवा पावसाळ्यात धरलेलं वापरा.

आणि हे सगळं खर्चायच्या आधी एक प्रयोग फुकटात करून बघा. रुंद पातेल्यात दोन-तीन पेले पाणी, मधे एक जड वाटी पालथी, तिच्यावर दुसरी वाटी सुलटी. भोवती गुलाबाच्या पाकळ्या. झाकण उलटं ठेवायचं आणि त्याच्या खोलगट भागात बर्फ. मंद आचेवर वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन मध्यावरून वाटीत पडतात. अर्ध्या तासात वाटीभर गुलाबपाणी निघतं. यात तेल वेगळं होत नाही, पण हे काम आपल्याला आवडतं का, घरच्यांना वास सोसतो का, हे कळतं.

गुलाबाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. एक किलो गुलाबतेलाला साधारण चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे तुमच्या किलोभर पाकळ्यांत पाव ग्रॅम तेल असतं आणि ते बहुतेक पाण्यातच विरघळून जातं. म्हणून गुलाबाचं पाणीच काढायचं, किलोला एक लिटर, त्याहून ओढलं तर फिकं होतं. हारवाल्याकडची फुलं घेऊ नका, त्यांच्यावर फवारणी झालेली असते. मोगरा, सुरंगी यांचा नाद सोडा, वाफेत त्यांचा वास टिकत नाही. वाळा मला अतिशय प्रिय, पण त्याला अठरा-वीस तास आच लागते, फ्लॅटचं ते काम नव्हे.

तुमचं पहिलं झाड गवती चहाच. माहेराहून आणलात की सावलीत अर्धा दिवस सुकू द्या, मग दोन-दोन बोटांचे तुकडे. सव्वा किलोला तीन-चार मिलिलिटर तेल मिळेल, आणि एवढ्याशा तेलासाठी मोठं सेपरेटिंग फनेल (तेल-पाणी वेगळं करायचं काचेचं नरसाळं) घेऊ नका, निम्मं काचेलाच राहतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे क्लेव्हेंजरची काचेची नळी मिळते. १९२८ मध्ये क्लेव्हेंजरनं ती तेल मोजायला केली होती. तिच्यातल्या बारीक, खुणा केलेल्या नळीत तेल आपोआप वर चढतं आणि पाणी खालून वाहून जातं. नाहीतर ब्यूरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची उभी काचेची नळी, घ्या. पहिली काही मिनिटं उतरणारं पाणी दुधट दिसतं. मग पृष्ठभागावर एक पातळ, पिवळसर कडं धरतं, पेन्सिलच्या रेघेएवढं. दहा मिनिटांनी बघावं तर दोन रेघा. ते कडं वाढायचं थांबलं की आच बंद करा, मागचं नुसतं गवताचं पाणी. काही तेलं मात्र पाण्याहून जड असतात: लवंग, दालचिनीचं पान. खानापूरकडून दालचिनीची पानं आणाल तेव्हा तेल तळाला शोधा, वर दिसत नाही म्हणून फेकून देऊ नका.

ओव्याचं वेगळंच आहे. त्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतो, बाजारात ज्याला ओव्याचं फूल म्हणतात तोच. अगदी बर्फगार कंडेन्सरमध्ये तो नळीतच खडे धरायची शक्यता असते, म्हणून ओव्याच्या वेळी बर्फाच्या बाटल्या बाहेर ठेवा आणि पाणी कोमट राहू द्या. त्याचा वास सहज सुटतही नाही. कणीक दर वेळी नवी असते म्हणून तो प्रश्न येत नाही, पण झाकणाला सिलिकॉनची रिंग वापरणार असाल तर ओव्याची वेगळी आणि गुलाबाची वेगळी ठेवा. सासूबाईंना अर्क द्याल तो चमचाभर, पाण्यात घालून, आणि त्यांची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. तेलाचा थेंब पोटात कुणालाच नको. तान्ह्या बाळांना तर घरी काढलेला ओव्याचा अर्क अजिबात देऊ नका, कुणी कितीही मागितला तरी.

बाटल्या गडद रंगाच्या, काचेच्या, उकळून कोरड्या केलेल्या घ्या. ताज्या अर्काला थोडा शिजल्यासारखा वास असतो, आठ-पंधरा दिवसांत तो बसतो, तेव्हा पहिल्या दिवशी नाक मुरडू नका. फ्रीजमध्ये ठेवून पाच-सहा महिन्यांत संपवा. बाटली उजेडात धरून हलवल्यावर आत कापसाच्या तंतूसारखं काही तरंगताना दिसलं, तर ती झाडांनासुद्धा न घालता ओतून द्या. आणि शेजारणी विकत मागायला लागल्या, त्या लागतातच, तर लक्षात असू द्या की चेहऱ्याला लावायचं काहीही विकायला बनवायचं तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. वाटीभर भेट म्हणून द्या, ते चालतं. घरात पोपट-चिमण्या किंवा मांजर असेल तर यंत्र चालू असताना त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. कडेनं कणीक लावून झाली की एकदा सगळ्या जोडांवरून हात फिरवा आणि मगच इंडक्शनचं बटण दाबा.